कुंपणाला लागलेलं फळ

बाल्बिना सारांगोच्या कुरणाला जे कुंपण होतं, त्याला तुनापाम्बा गावातली माणसं ‘खेचर’ म्हणायची. कुंपण म्हणजे तारबीर काही नव्हती. जिवंत झुडपांची रांगच होती ती, वरच्या वाटेपासून खाली ओढ्यापर्यंत, चांगली दोनशे पावलं लांब. माणसाच्या दुप्पट उंच झुडपं, ठिसूळ फांद्या, चुरगळली की उग्र वास सोडणारी मऊ पानं, आणि वर्षातले आठ-नऊ महिने फांद्यांच्या टोकांना लोंबणारे जांभळ्या फुलांचे झुबके. प्रत्येक फूल बोटाएवढं लांब, सरळ नळीसारखं. त्याला वास कसला तो नाही, पण तळाशी मध भरपूर. त्यामुळे किंदे, म्हणजे ती लांब चोचीची इवलीशी पाखरं, दिवसभर त्या नळ्यांखाली हवेतल्या हवेत थरथरत उभी असायची.

इतका सगळा थाट, पण फळ मात्र नाही. फूल सुकायचं, नळी गळून पडायची, मागे उरलेली हिरवी टोपी चार दिवस रिकामी लोंबायची आणि एक दिवस तीही गळायची. बाल्बिनाच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठच्या एका झुडपाच्या फांद्या तोडून हे कुंपण रोवलं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. पुढे एका पुरात ते मूळ झुडूप वाहून गेलं. कुंपण वाढलं, फोफावलं, पण पन्नास वर्षांत त्यानं बी म्हणून धरलं नाही. म्हणून ते खेचर.

बाल्बिना अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा जाऊन तेरा वर्षं झालेली, मुलगी लग्न करून स्पेनला टोमॅटोच्या मळ्यांवर. आठ गाई, सकाळचं दूध, दुपारचं चीज आणि रविवारी सारागुरोचा बाजार, ह्यात तिचे दिवस जात. घरातली मुलीची खोली रिकामी होती, म्हणून जूनमध्ये जेव्हा लोहा शहरातली एक विद्यार्थिनी सहा महिने राहायला जागा शोधत आली, तेव्हा तिनं ‘ये’ म्हटलं.

पोरीचं नाव यादिरा ओचोआ. वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या परीक्षेसाठी ती ह्याच झुडपाचा अभ्यास करत होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्बिना चरवी घेऊन निघाली, तर ही शिडीवर चढून फुलांच्या झुबक्यांना जाळीच्या पिशव्या बांधतेय.

“हे गं काय? फुलांना टोपडी?”

“पाखरं आत चोच घालू नयेत म्हणून, दोन्या बाल्बिना.” बाल्बिनाला ती मानानं ‘दोन्या’, म्हणजे बाई, म्हणायची. “मग मी दात कोरायच्या काडीनं एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावते, आणि कुणाचा कुणाला लावला ते लिहून ठेवते.”

“म्हणजे सोयरिकी जुळवतेस.”

“तसंच म्हणा.”

“जुळव, जुळव. आमच्या सगळ्या गावाला जमलं नाही ते तुला जमतंय का बघू.”

गावात आठवडाभर हाच विषय होता. बाजारात बाल्बिनाच्या शेजारी बसणारी लास्तेनिया तर रोज मुद्दाम वाट वाकडी करून यायची आणि शिडीखाली उभी राहून ओरडायची, “काय गं, पाळणा कधी हलतोय?” यादिरा वरून हसायची. मनाला लावून घेणाऱ्यांतली नव्हती ती.

संध्याकाळी चुलीपाशी दोघी मक्याच्या उकडलेल्या दाण्यांबरोबर चीज खात बसल्या की बाल्बिना खोदून खोदून विचारायची. फुलापानांची तिला जन्मापासून ओढ होती. कुठला पाला कुठल्या दुखण्यावर, कुठलं फूल पेयात घालायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. पण हे असलं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“हे बटाट्याच्या कुळातलं आहे,” यादिरा म्हणाली.

“आपल्या बटाट्याच्या? त्याची ही कोण मग?”

“चुलत बहीण म्हणा ना.”

“बघ म्हणजे. तो बिचारा मातीत राहून गावाचं पोट भरतो, आणि ही नुसती नटून कुंपणावर बसते.”

यादिरानं तिला खेचराचं कोडंही उलगडून सांगितलं. दोनशे पावलांचं ते कुंपण दिसायला शेकडो झुडपं असली, तरी खरं म्हणजे ते एकच झाड. एकाच झुडपाच्या फांद्या रोवलेल्या, तेव्हा सगळ्यांचं रक्त एक. आणि ह्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा लागतो, परक्या घरचा.

“मग आण ना दुसऱ्याचा.”

“तेच तर नाही ना मिळत.” यादिरानं ताटली खाली ठेवली. “अख्ख्या खोऱ्यात फिरले. जिथे कुठे हे फुललेलं दिसतं तिथे विचारावं, तर म्हणतात, दोन्या बाल्बिनाकडून फांदी आणली होती. सगळीकडे तुमचं खेचरच. रानातलं, स्वतः बियांतून उगवलेलं एक झाड नाही. माझे सर म्हणतात, डिसेंबरपर्यंत नाही सापडलं तर विषय बदल.”

असे जून ते सप्टेंबर गेले. जाळीच्या पिशव्यांतल्या टोप्या एकामागून एक रिकाम्याच गळाल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाल्बिना दूध काढून परतत होती. कुंपणाच्या वरच्या टोकाशी, वाटेला लागून, एक फांदी तिच्या टोपीला लागली. ती बाजूला सारताना तिच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. तिनं वळून पाहिलं. नळी केव्हाच गळून गेली होती, पण मागची हिरवी टोपी चपटी व्हायच्या ऐवजी फुगली होती. बाल्बिनानं चरवी खाली ठेवली आणि दोन बोटांत धरून ती टोपी हलकेच दाबली. आत हरभऱ्याएवढं काहीतरी होतं.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग घराकडे तोंड करून तिनं हाक मारली, अशी की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली.

यादिरा एका पायात बूट घालून धावत आली. तिनं टोपीच्या पाकळ्या नखानं उलगडून आत पाहिलं, मग वही काढली, पानं उलटली, पुन्हा पाहिलं.

“हे मी केलेलं नाही,” ती म्हणाली. “ह्या फांदीला मी हातच लावलेला नाही.”

“मग कुणी केलं?”

“कुणीतरी दुसऱ्या झाडाचा पराग आणलाय.” आणि ती दवानं भिजलेल्या गवतात बसलीच. “दोन्या बाल्बिना, दुसरं झाड आहे. इथेच कुठेतरी, पाखराच्या टप्प्यात.”

दोघींनी सगळं कुंपण वरपासून खालपर्यंत चाचपलं. दुपारपर्यंत आणखी सहा फळं सापडली, सगळी वरच्या टोकाच्या वीस पावलांत. खाली ओढ्याकडे एकही नाही.

“मागच्या वर्षीही लागली असतील का?” यादिरानं विचारलं. “टोपीत झाकलेली असतात. कुणाच्या लक्षात येणार?”

“माझ्या आलं असतं,” बाल्बिना म्हणाली, आणि यादिरानं मान डोलावली. ते खरंच होतं.

“तुम्ही रोज बघता पाखरांना. सकाळी ती कुठून येतात?”

बाल्बिनानं क्षणभर वर डोंगराकडे पाहिलं आणि मग खाली.

“ओढ्याकडून,” ती म्हणाली.

ते खरं नव्हतं. किंदे वरून येत होती, हे तिला दोन-तीन महिने आधीच दिसलं होतं. कुंपणाच्या वरच्या टोकाला पहिलं उजाडायचं, आणि एक मोठं हिरवं किंदे डोंगरावरून सरळ रेषेत खाली यायचं. आल्या आल्याच त्याच्या कपाळावर पांढुरकी पूड असायची. म्हणजे कुठेतरी जेवून आलेला पाहुणा. बाल्बिनानं ते पाहिलं होतं आणि दर वेळी गाईंकडे नजर वळवली होती. कारण कुंपणाच्या वर, त्या दिशेला, कडा होता.

तेरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये, सलग नऊ दिवस पाऊस पडल्यावर, डोंगराचा तो भाग खाली आला होता. चार घरं गेली, पाच माणसं गेली. चार सापडली. पाचवा सेराफिन पोमा, बाल्बिनाचा नवरा, सापडला नाही. महिनाभर गावानं फावडी चालवली आणि शेवटी पाद्रीबाबांनीच सांगितलं, आता पुरे. कबरस्तानात सेराफिनच्या नावाचा क्रूस आहे, पण त्याखालच्या पेटीत त्याचा घरी राहिलेला पोंचो आणि जुनी टोपी आहे. त्या दिवशी दुपारी बाल्बिनानंच त्याला वर पाठवलं होतं. त्याच्या धाकट्या भावाच्या, मेल्चोरच्या अंगणात त्यांचं वासरू बांधलेलं होतं. पाऊस वाढतोय, जा, घेऊन या, असं ती दोनदा म्हणाली होती. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. तेव्हापासून तिनं कड्यावर पाय ठेवला नव्हता. वरच्या वस्तीला जायचं झालं तर ती शाळेवरून वळसा घालून जायची, अर्धा तास जास्त चालून. गावातल्या बहुतेकांनी तेच केलं होतं. कड्याची वाट कधीच झाडोऱ्यात बुजून गेली होती.

दोन दिवस यादिरा ओढ्यात उतरून शोधत राहिली आणि बाल्बिना तिच्याबरोबर फिरली. पहिल्या दिवशी पोरगी कमरेपर्यंत पाण्यात घसरली. दुसऱ्या दिवशी एका घळीत चढून गेली आणि मोठ्या आनंदानं फांदी हलवत आली, तर ते मोठ्या पांढऱ्या कर्ण्यांचं विषारी झाड निघालं, जे तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. यादिरा स्वतःवरच हसली. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते, हात काट्यांनी ओरबाडले होते. दगडावर बसून तिनं बुटातलं पाणी ओतलं आणि म्हणाली, “उद्या अजून खाली जाऊ. तुम्ही म्हणताय म्हणजे इथेच असणार.”

बाल्बिना सोबत आणलेले मक्याचे दाणे फडक्यातून काढत होती. तिनं फडकं तसंच मांडीवर ठेवलं.

“यादिरा, पाखरं ओढ्याकडून नाही येत.”

“मग?”

“वरून येतात. कड्यावरून.”

यादिरा गावात चार महिने राहिली होती, तिला सगळं माहीत होतं. तिनं बूट चढवला, नाडी बांधली.

“मी एकटी जाईन,” ती म्हणाली. “तुम्ही नका येऊ.”

“एकटी कशी जाशील? वाट राहिली आहे का तिथे? त्या मातीत मध्येच पोकळ्या आहेत. कमरेपर्यंत आत गेलीस तर काढायचं कुणी?” मग थोड्या वेळानं, फडक्याची गाठ मारत, ती म्हणाली, “येते मी. सकाळी दूध काढून झालं की जाऊ.”

त्या चढाला पाऊण तास लागला. बाल्बिना पुढे, हातात कोयता. कुंपण संपतं तिथून वेलींचं आणि नेच्यांचं रान सुरू झालं, मग मोठमोठे दगड, मग ओल्या मातीची एक घसरण. बाल्बिनाच्या डोळ्यांपुढे तेरा वर्षं एकच चित्र होतं, लाल, उघडी, ओली जमीन, आणि त्यातून बाहेर आलेलं एक छपराचं लाकूड. कड्याच्या धारेवर पोचल्यावर ती त्याच चित्रासाठी तयार होऊन उभी राहिली.

लाल काहीच नव्हतं. सगळं हिरवं होतं. उंचउंच आल्डरची झाडं वाऱ्यावर हलत होती, त्यांच्या खाली गवत, आणि आल्डरच्या मधल्या मोकळ्या उतारावर, दगडांच्या आधारानं, ती झुडपं होती. एक नाही, दहा नाही. साठ-सत्तर तरी असतील. आणि एक दुसऱ्यासारखं नव्हतं. काहींची फुलं कुंपणासारखीच गर्द जांभळी, काहींची फिकट, धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखी. एक तर जवळजवळ पांढरं, आणि एका दगडाआडचं लालसर. कुठे नळी आखूड, कुठे लांब. पानंसुद्धा वेगळी. आणि प्रत्येक झुडपाच्या फांद्या हिरव्या-पिवळ्या फुगलेल्या टोप्यांनी वाकलेल्या.

यादिरानं पाठीवरची पिशवी खाली टाकली. ती एका झुडपापाशी गेली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग मध्येच उभी राहून दोन्ही हात डोक्यावर ठेवून रडायला लागली, हसत हसतच.

“कुठून आली ही?” बाल्बिनानं विचारलं.

“नक्की नाही सांगता येणार. कदाचित बिया मातीत खोल पडून असतील, वर्षानुवर्षं. डोंगर उलटा झाला तेव्हा वर आल्या असतील. किंवा पलीकडच्या रानातून पाखरांनी फळं खाऊन आणल्या असतील. ह्या जातीला अशीच जागा आवडते, नुकती मोडलेली, उन्हाची. दाट रानात ती तगत नाही.”

“मोडलेली,” बाल्बिना म्हणाली.

तिनं टोपी काढली आणि एका दगडावर बसली. यादिरा फांद्यांना चिठ्ठ्या बांधत होती, फुलं मोजत होती, टिपणं काढत होती. किंदे दोघींच्या मधून ये-जा करत होती. बाल्बिना दुपारपर्यंत तिथे बसली. ती काय विचार करत होती हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. एवढंच, की उठायची घाई वाटली नाही.

खाली आल्यावर तिला समजलं, की त्याच आठवड्यात गावसभा आहे.

गावप्रमुख मेल्चोरच होता. सगळे त्याला मानानं ताइता, म्हणजे बाबा, म्हणत. बासष्ट वर्षांचा, तिथले पुरुष ठेवतात ती वेणी अजून काळी, शब्दाला पक्का, हसणं कमी. कडा कोसळला त्यात घर गेल्यावर त्यानं खालच्या वस्तीत नवं घर बांधलं होतं. सभेत त्यानं वाचून दाखवलं, की वनखात्याकडून पाइनची दीड हजार रोपं मिळणार आहेत. पुढच्या शनिवारी सगळ्या गावानं मिळून मिंगा, म्हणजे श्रमदान, करून कडा साफ करायचा आणि रोपं लावून टाकायची. “वीस वर्षांनी लाकूड होईल,” तो म्हणाला. “आणि ती जागा एकदाची झाकली जाईल.”

माना हलल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून बाल्बिना उभी राहिली.

सभेत ती तेरा वर्षांत बोलली नव्हती. “साफ नका करू,” ती म्हणाली. “तिथे झुडपं आहेत. कुंपणासारखी, पण रानातली, बियांची. यादिरा म्हणते, खोऱ्यात दुसरीकडे कुठेच नाहीत.”

“झुडपं उकडून खायची का?” कुणीतरी म्हणालं, आणि चार जण हसले.

“तुझ्या गाई खातात ते गवत तू उकडून खातेस का रे?” लास्तेनियानं तिथल्या तिथे सुनावलं. “बोलू दे तिला.”

बाल्बिनानं शालीचं टोक मुठीत धरलं होतं. “मी काल तिथे जाऊन आले. गेल्या दोन पावसांत कड्याच्या दोन्ही बाजूंची माती सरकली आहे. खुणा दिसतात. मधली सरकली नाही, जिथे आल्डर आणि ती झुडपं आहेत. कोयत्यानं ती साफ केलीत आणि बोटभर पाइन लावलेत, तर येत्या मार्चमध्ये काय धरून ठेवणार माती? आणि आता कड्याखाली कुणाची घरं आहेत ते मोजा.”

आता कुणी हसलं नाही. मेल्चोरनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“वहिनी,” तो म्हणाला, “तेरा वर्षं तुम्ही त्या जागेचं नाव घेतलं नाहीत. मी म्हणतो बुजवून टाकू, तर आता तुम्हाला ती हवी?”

“हो, भाऊजी. आता हवी.”

मेल्चोर टोपी उचलून निघून गेला. सभा तशीच विस्कटली. ठरलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादिरा चिठ्ठ्या आणायला शहरात गेली होती. बाल्बिना एकटीच कड्यावर चढली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. ती त्याच दगडावर बसली होती, तेवढ्यात खालून पाला खसखसला आणि मेल्चोर वर आला. त्याच्या हातात कोयता होता. तिला पाहून तो थबकला.

“तोडायला आलात?” तिनं विचारलं.

“बघायला,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहत राहिला. त्याचा श्वास चढला होता. त्यानं एका फांदीला हात लावला, एक टोपी फोडली, आतलं फळ बोटांत चिरडलं. वांग्याच्या बियांसारख्या चपट्या, बारीक बिया त्याच्या अंगठ्याला चिकटल्या. तो त्यांच्याकडेच पाहत बोलायला लागला.

“मीही नाही आलो इथे. तुम्हाला वाटत असेल मी येतो. नाही आलो.”

“माहीत आहे.”

“नाही, ते तुम्हाला माहीत नाही.” तो उभाच होता. “त्या दिवशी दादा बाराच्या सुमाराला आला. वासराचं दावं सोडून हातात घेतलंसुद्धा. म्हणाला, निघतो, ती वाट बघतेय. मीच म्हटलं, बस रे, एवढ्या पावसात कुठे जातोस, बायको माहेरी गेली आहे, एकटा कंटाळलोय. पत्ते काढले. घरी काढलेली दारू होती. एक डाव झाला, तो उठला. मी पुन्हा बसवला. असं तीनदा. तीनच्या सुमाराला चुलीला लाकडं संपली, म्हणून मी पलीकडच्या खोपटात गेलो. आणि...”

त्यानं हातातला कोयता खाली ठेवला.

बाल्बिना म्हणाली, “मला वाटत होतं, मी पाठवलं म्हणून गेले.”

“तुम्ही बाराला पाठवलंत, वहिनी. बाराला डोंगर जागेवर होता. साडेबाराला तो घरी असता.” मेल्चोरनं अंगठ्याला चिकटलेल्या बिया झटकल्या. “तेरा वर्षं तुम्ही माझ्याकडे आलात, चीज दिलंत, माझ्या नातवाला मांडीवर घेतलंत, आणि मी एकदाही... वाटलं, झाडं लावू, वर काही दिसायलाच नको.”

वरच्या आल्डरमधून वारा गेला. बाल्बिनानं मांडीवरची टोपी फिरवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी.

“जिंकत होते का?” तिनं विचारलं.

“काय?”

“पत्त्यांत. जिंकत होते का ते?”

मेल्चोर गोंधळला. “हो. तिन्ही डाव. तेच तर. तो जिंकत होता म्हणून मी सोडत नव्हतो.”

बाल्बिना हसली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. “माझ्याशी कधी एक डाव जिंकला नाही हा माणूस,” ती म्हणाली. “आणि तुमच्याशी तीन! किती फुशारक्या मारल्या असतील.”

“विचारू नका,” मेल्चोर म्हणाला, आणि तो शेजारच्या दगडावर बसला. “माझी टोपी लावायला लावली त्यानं डावाला. ती पण जिंकला.”

“म्हणजे ते गेले तेव्हा दोन टोप्या होत्या त्यांच्याकडे?”

“दोन.”

ती पुन्हा हसली, आणि ह्या वेळी तिला रडूही आलं. मेल्चोर जमिनीकडे बघत बसला. कोयता त्यानं बाजूला ठेवला होता. उन्हं चढेपर्यंत दोघं तिथे होती. मध्ये ती एकदा म्हणाली, “तुम्ही बसवलं, मी पाठवलं, आणि पाऊस काय आपल्याला विचारून पडला होता?” खाली उतरताना, घसरणीपाशी, त्यानं तिला हात दिला.

शनिवारी मिंगा झाला. पाइनची रोपं कड्याच्या दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्यांवर लागली. सगळी नाही लावता आली, तीनेकशे उरली ती शाळेमागे लावली. मधल्या भागाभोवती मेल्चोरनं स्वतः खुंट्या ठोकल्या आणि सकाळभर तिथेच उभा राहून, जो कुणी आत पाय टाकेल त्याच्यावर ओरडत राहिला. “ताइता, तुमचंच होतं ना हे साफ करायचं?” असं एकानं म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “माझं होतं. आता नाही. तू खड्डा खण.” यादिरानं पांढऱ्या फुलांच्या झुडपापासून सुरुवात करून सत्तेचाळीस झुडपांचं बी घेतलं, कागदाच्या पुड्या केल्या, आणि तिच्या सरांना फोन लागेना म्हणून रेंज शोधत एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत राहिली.

दुपारी बायकांनी कड्यावरच, गवतावर, एकापुढे एक पांढरी फडकी अंथरली. मक्याचे दाणे, उकडलेले बटाटे, घेवडा, बाल्बिनाचं चीज, सगळं त्यावर एकत्र ओतलं. ढिगाऱ्यावर बसून गाव जेवलं, तेरा वर्षांत पहिल्यांदा. सुरुवातीला जो तो मान खाली घालून जेवत होता. मग लास्तेनिया एका दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, की हे त्यांचं जुनं अंगण, इथेच तिच्या आजीची भट्टी होती.

“भट्टी? छे!” पलीकडून आवाज आला. “भट्टी त्या आल्डरपाशी. ह्या दगडापाशी आमचं डुकरांचं खोपट होतं.”

“माझ्या आजीची भट्टी मला सांगतोस?”

“डोंगर उतरलाय गं, सगळंच खाली सरकलंय. तुझी भट्टी असेल आता बाल्बिनाच्या कुरणात.”

मग चारही घरांची माणसं उठून आपापलं घर दाखवायला लागली. कुणी इथे, कुणी तिथे, एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. आवाज चढले, हसू फुटलं, कोण कुठे राहायचं, कुणाची कोंबडी कुणाच्या घरात अंडी घालायची, कोण दारू लपवायचं कुठे, सगळं निघालं. गेलेल्या पाचही जणांची नावं घेतली गेली, सेराफिनचंही, सहज, जेवताना मीठ मागावं तशी.

बाल्बिना सगळ्यांच्या हातावर चीज वाढत फिरली. शेवटचा तुकडा तिनं स्वतः खाल्ला, हात शालीला पुसले आणि ऊन कुठवर आलंय ते पाहिलं. गाई खाली वाट बघत असणार होत्या. ती उठली आणि कड्यावरून सरळ खाली उतरायला लागली.